करवतीपुढं उभी राहिले तवा

माझं माहेर संतपूर, घरात सोयाबीन, तूर, मशीन म्हंजे मळणीची तेवढी ठावं, आणि दिलं कुठं तर मन्नाएखेळ्ळीला, हायवेवरच्या दुकानात, जिथं दिवसभर पलास्टिक कापायचा आवाज. दुकानाच्या पाट्या, कपाटाची दारं, फोटोवर लावायची काचेसारखी शीट, समदं कापतेत आमच्याकडं. काय सांगू तुम्हाला, कानात बोटं घालून भाकरी थापता आली असती तर मी तसंच केले असते.

मग आमच्या मालकाची कंबर धरली. एवढी मोठी शीट विजेच्या करवतीवर चढवायची म्हंजे वाकणं आलंच, आणि त्यांना तर वाकताच येईना. दुकान बंद पडतंय का काय म्हणून मला घास गोड लागंना. मी म्हणले, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, मी कापते. ते हसले, म्हणले, भाकरी न्हाई ती. मी म्हणले, तुम्हाला भाकरी तरी कुठं येतीय?

शिकले बघा. बारीक दाताचं पातं लावायचं, शीटवरला कागद काढायचा न्हाई, लई हळू ढकललं की पलास्टिक तापून वितळतंय आणि पात्याला चिकटतंय, घाई केली की कोपरा उडतोय. साडीवर मालकाचा जुना शर्ट, पदर आत. लई आवडलं मला ते काम, खोटं कशाला बोलू.

पण आमचं लिंगायताचं घर, गळ्यातलं लिंग अंगावेगळं करायचं न्हाई. एक दिवस मी वाकले आणि लिंगाची दोरी शर्टातनं सुटून पात्याकडं लोंबली. मालकानी झटकन बटण बंद केलं म्हणून वाचले, न्हाईतर पातं दोरीसंगं मला ओढून घेतलं असतं. दारात माझी सासू उभी, अव्वा म्हंतो आम्ही तिला. ती म्हणली, लिंग काढायचं न्हाई आणि मशीनला हातबी लावायचा न्हाई, इकून टाका ती मशीन. मी लई रडले, दुकानासाठी रडले का माझ्यासाठी, काय की बाई.

सकाळी पूजा झाली, लिंग तळहातावर होतं, गळ्यात घालणार तर अव्वा म्हणली, थांब. पांढरं फडकं आणली, त्यात गुंडाळून लिंग माझ्या दंडाला, बाहीच्या आत, गच्च बांधली. मी म्हणले, अव्वा, चालतंय का असं? ती म्हणली, चालतंय की, माझा बाप नांगर धरताना असंच बांधायचा, अंगावर असलं म्हंजे झालं. मग काल कामून सांगितली न्हाईस? काल मी भ्याले होते, म्हणली.

आता मालक बसून मापं घेतेत, मी कापते, कडा घासते, अंगभर पांढरा भुगा, झटकला तरी चिकटूनच बसतोय. परवा जनवाड्याचा एक जण शीट घेऊन आला, विचारायलाय, अण्णा हायेत का, कापायचं होतं. अण्णा म्हंजे आमचे मालक, ते जेवायला गेलते, मी आत होते. अव्वाच बोलली, अण्णा कशाला पायजे, कापणारी आमची सून हाय. माझा ऊर भरून आला बघा. सुखात हाय मी. बसवण्णा तुमचंबी बरं करो. चला, माणूस वाट बघायलाय, शीट चढवते.