तीच नळी

सुंदरराव : आधी तो ट्रॅक्टर बंद करायला सांगा. मग बोलू.

वत्सलाबाई : चालू कुठं झालाय आजून? भारत डिझेल ओततोय. चालू झाल्यावर बंद करा म्हना, मालक.

सुंदरराव : वत्सलाबाई, भाची चार दिवस पुण्याला राहून आली म्हणून गावचे रिवाज बदलत नसतात. माझ्या बागेला कुदळ लागणार नाही. मागच्या आठवड्यात पंचायतीत चारचौघांसमोर सांगितलंय मी. मोसंबीची साडेतीनशे झाडं आहेत.

रोहिणी : न्हाई लागनार कुदळ.

सुंदरराव : मग हे काय आणलंय? विहिरीत सुरुंगासाठी भोकं पाडतात तो कंप्रेसर आहे हा. मला काय आंधळा समजतेस?

रोहिणी : भोकं पाडायचं हत्यार काढून ठिवलंय त्याचं. मला नुसती हवा पायजे. आन तुमच्या बांधाच्या आत माझं पाऊलसुदिक पडत न्हाई, तात्या. मी हितं टाकीपाशी, गायरानात. बंकटदादा तिकडं खाली, वस्तीच्या नळापाशी. मधले चारशे फूट तुमचे. ठिवा जपून.

सुंदरराव : हवेनं पाणी येतं होय आता वस्तीला?

वत्सलाबाई : तुमच्या भाषनानं येतंय म्हनून ऐकलं व्हतं. ते काय आलं न्हाई. म्हनून हवा करून बघतो.

रोहिणी : आत्या, थांब जरा. तात्या, तुमच्या बागेखाली दोन इंची लोखंडी नळी हाय. टाकीत पानी हाय, वस्तीत येत न्हाई. कावून? तर आतून गंज चढत चढत नळीचं भोक करंगळीयेवढं ऱ्हायलं, आन एका जागी तेबी बुजलं. मी आता हवेसंगं कोरडी वाळू सोडनार. वाळू गंज खरवडत जाती. आतलं लोखंड साफ झालं का ह्या दोन डब्यांतला माल एकत्र कालवायचा आन हवेनंच आत ढकलायचा. आतून सगळीकडं बसतो, एका रोजात कडक हुतो. बारकी भोकं बुजत्यात, गंज पुन्हा धरत न्हाई. पुन्यात पाच वर्सं मी दुसरं काय केलं न्हाई. चाळीस-चाळीस वर्सांच्या बिल्डिंगी, एकाबी घरातली फरशी फोडली न्हाई.

वत्सलाबाई : कनगी आतून लिपतो तसं. बाहेरनं कुनाला कळतबी न्हाई.

सुंदरराव : म्हणजे आतून नवी नळी झाली. हो ना?

रोहिणी : न्हाई. तीच नळी.

सुंदरराव : बघा, मी कायद्यानं चालणारा माणूस आहे. आमच्या आबांनी वस्तीला कागद करून दिला, तो मी नाकारत नाही. पण कागदात काय आहे ते तुम्हाला वाचता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

वत्सलाबाई : वाचता येत न्हाई. पाठ हाय. "सदर नळी चालू आहे तोवर तिच्या वाटेस माझी वा माझ्या वारसांची हरकत नाही. नळी बदलल्यास, किंवा सलग एक वर्ष बंद राहिल्यास, हा हक्क संपेल." खाली आबांची सही, चार जनांचे अंगठे. तिसरा अंगठा माझ्या सासऱ्याचा. म्हना, चुकलं का कुठं?

सुंदरराव : नाही.

वत्सलाबाई : कसं चुकंल? दरसाल ऊस तोडायला गेलतो, तवा संगं नेलाय तो कागद. कर्नाटकात एका साली आमची पाचटाची कोपी पेटली. मी आधी कागदाची पेटी बाहेर काढली, मंग पिठाचं गठुडं. घरधनी म्हनले, बाई, पीठ जळालं. मी म्हनलं, पीठ पुन्हा दळता येतंय.

सुंदरराव : मग त्याच कागदानं बोलू. गेल्या पाडव्याला तुमच्या नळाचं पाणी बंद झालं. परवा पाडवा. वर्ष भरतं. मला वाद नको, भांडण नको. पाडवा होऊ द्या, मग मी स्वतः तुमच्यासाठी काहीतरी बघतो. आणि तोवर माझ्या अंगणात बोअर आहेच. कुणाला पाणी नाही म्हटलंय का मी आजवर?

वत्सलाबाई : म्हनलंय की. साखराबाईला.

सुंदरराव : साखराबाईचं काय?

वत्सलाबाई : इसरलात? तिचा लेक तुमच्या सभेच्या गाडीत बसला न्हाई. दुसऱ्या रोजी ती हंडा घिऊन आली, तर तुमी खुर्चीत बसून म्हनलात, "साखराबाई, मागं." ती मागं गेली. नंबर आला तवा मोटार बंद. दुसऱ्या दिशी पुन्हा, "साखराबाई, मागं." तीन रोज रिकामा हंडा घिऊन चढ चढली ती, सत्तर वर्साची बाई. पानी म्हनून आमी गाळ पिऊ, मालक. पन तुमच्या अंगनात हुभं ऱ्हायचं न्हाई आता. मला राग आलाय, आन तो झाकायचा न्हाई मला.

सुंदरराव : राग तब्येतीला बरा नसतो.

वत्सलाबाई : ह्या नळीच्या चराला पयली कुदळ मी मारली. शहाऐंशीचा दुष्काळ, रोजगार हमीचं काम, मी नवी नवरी. हातातला हिरवा चुडा फुटला त्या कामात. चर कमरेयेवढा खोल. माझी सासू पाटी उचलत व्हती. तवा तुमी हितंच बांधावर बसून ऊस खात व्हता. तब्येत माझी तवाबी बरी व्हती.

रोहिणी : आत्या, पदर कानाला बांध. तात्या, तुमी मागं सरा, वाळू उडती. भारतदादा, कर चालू!

सुंदरराव : अगं, मी फौजदाराला फोन लावतो!

रोहिणी : लावा! गायरानात हवा मारायला कुठलं कलम लागतंय तेबी इचारा! दादा, आजून जोर दे. हळूहळू… हां. काटा बघ. बास. ठिव असाच.

वत्सलाबाई : काय हुतंय गं? नुसतीच गुरगुर.

रोहिणी : गंजाचा गठ्ठा आडवा हाय. हवा त्याच्यावर धडका मारतीया. बंकटदादाकडं बघत ऱ्हा. गठ्ठा फुटला का तो लाल फडकं हालवंल.

वत्सलाबाई : न्हाई हालवलं. आजून न्हाई. नुसता हुभा हाय… आगं बया! हालवलं! नाचतोय मेला फडकं घिऊन! फुटलं, रोहे, फुटलं! लाल धूळ कशी उडाली बघ वस्तीत, रंगपंचमीवानी!

रोहिणी : बरं झालं. आता वाळू सोडू.

सुंदरराव : थांबा. फोन येतोय माझा. घरून, छबुबाईचा आहे. हां, बोला… मोठ्यानं बोल, इथं ट्रॅक्टर आहे… काय? हौदातून? कसली धूळ?… आगं, पन म्हैस कशी सुटली?… दावं तोडून? कुठं गेली?… ओरडू नको. मी म्हनतो ओरडू नको! हौदावर पोतं टाक. पोतं! येतो मी. ठिव.

रोहिणी : भारतदादा, बंद कर जरा.

वत्सलाबाई : काय झालं मालक? समदं बरं ना घरी?

सुंदरराव : काही नाही. म्हैस बिथरली.

रोहिणी : तात्या, तुमच्या गोठ्यातल्या हौदातून धूळ उडाली.

सुंदरराव : वारा असेल.

रोहिणी : लाल धूळ. माझ्या नळीतली. नळी सरळ टाकीपासून वस्तीपातुर जाती, असं आमाला समद्यांना ठाव हाय. मंग तुमच्या हौदात हवा कुठून शिरली?

वत्सलाबाई : हात्त मेल्या.

सुंदरराव : वत्सलाबाई, तोंड सांभाळून.

वत्सलाबाई : म्हशीला म्हनलं.

रोहिणी : गठ्ठ्याच्या वरच्या अंगाला फाटा काढलाय कुनीतरी. म्हंजी वस्तीत थेंब येत नव्हता, तरी टाकीतलं पानी तुमच्या हौदात वरीसभर पडत व्हतं. बेस झालं, तात्या. कागदात काय हाय? "नळी सलग एक वर्ष बंद राहिल्यास." ही तर एक रोजबी बंद नव्हती. तुमच्या म्हशी गवाही देत्याल.

सुंदरराव : काहीतरी बोलू नकोस. माझा कसलाही फाटा नाही. माझ्या म्हशी बोअरचं पाणी पितात. सगळ्या गावाला माहीत आहे.

रोहिणी : फाटा न्हाई?

सुंदरराव : नाही.

रोहिणी : बरं, न्हाई तर न्हाई. तुमचा शब्द. मंग आता माझं ऐका. वाळूनं नळी साफ झाली का बंकटदादा वस्तीचं तोंड बांधनार. मी हिकडनं घट्ट माल सोडनार. हवेला पुढं वाट न्हाई म्हटल्यावर ती दुसरीकडं कुठं वाट आसंल तिकडं जानार, आन माल तिच्यासंगं. त्या वाटेत तो बसला का दगड झाला. मंग वस्तीचं तोंड सोडायचं आन मेन नळीला पातळ लेप द्यायचा. ज्याचा फाटाच न्हाई, त्याचं काय बुजनार? हरकत हाय का तुमची?

सुंदरराव : मला आधी म्हशीचं बघायला पाहिजे.

वत्सलाबाई : मालक, इचारतीया ती.

सुंदरराव : मला काय हरकत असणार?

रोहिणी : जरा मोठ्यानं म्हना. बांधावर बाया बसल्यात, त्यांना ऐकू गेलं पायजे.

सुंदरराव : हरकत नाही! ऐकलं? नाही हरकत! फाटाच नाही तर हरकत कशाची?

वत्सलाबाई : ऐकलं गं बायांनो? मालकांची हरकत न्हाई. भले मालक, भले. आता जावा तुमी. म्हैस धुळाजीच्या कांद्यात शिरली आसंल आतापातुर.

रोहिणी : भारतदादा, कर चालू. वाळूची बादली हिकडं सरकव.

(पाडव्याची सकाळ. वस्तीचा नळ. हंड्यांची रांग.)

वत्सलाबाई : सोड की गं आता. बाया झुंजूमुंजूपासून बसल्यात.

रोहिणी : थांब. पयली दोन पिपं सांडून द्यायची. नवा लेप हाय, धुतला पायजे. हे न्हाई प्यायचं कुनी.

वत्सलाबाई : पानी सांडायचं! वरीसभरानं आलं तर म्हनं सांडायचं! शिकून येडी झालीस तू.

रोहिणी : सांडलेलं लिंबाच्या बुडाला जातंय, वाया न्हाई. हां. आता बघ. गंज हाय का?

वत्सलाबाई : न्हाई.

रोहिणी : वास?

वत्सलाबाई : न्हाई गं.

रोहिणी : मंग लाव हंडा. पयला तुझा.

वत्सलाबाई : माझा कावून? साखराबाईला घे फुडं. ये साखराबाई, लाव. हुभी काय ऱ्हायलीस, तुलाच म्हनतीया. घासून आनलाय हंडा, बघ की कसा झळकतोय. आगं, धार बघ रोहे. मनगटायेवढी. मी नवी नवरी व्हते तवा अशी धार बघितली व्हती.

रोहिणी : डोळ्यात काय गेलं आत्या?

वत्सलाबाई : काय जातंय? रडतीया. आपल्या दारात पानी आलं तर मानसानं रडू नये व्हय?

रोहिणी : रड. पन तिकडं बघ आधी. बांधावरून कोन येतंय?

वत्सलाबाई : मालक? आन हातात बादली? पाडव्याची नवी टोपी घालून बादली?

सुंदरराव : पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना. नळ छान चालू झाला, आनंद आहे. रोहिणी, जरा बाजूला येतेस का? बोलायचं होतं.

रोहिणी : हितंच बोला. बाजूला गेलं का बायांना काळजी लागती.

सुंदरराव : तो… गोठ्याकडचा जो काही प्रकार होता.

रोहिणी : कंचा प्रकार?

सुंदरराव : फाटा. फाटा होता. झालं? वदवून घेतलंस. हौदाचा भार बोअरवर आला आणि कालपासून बोअर नुसता गाळ ओढतोय. अकरा जनावरं तहानेली उभी आहेत. तेवढा फाटा मोकळा करून दे.

रोहिणी : मोकळा हुत न्हाई, तात्या. दगड झालाय. आता हवेचं काम न्हाई त्याला, नवा जोड द्यायला खांदायला लागंल. बाग तुमची, झाडं तुमची, कुदळबी तुमचीच. लावायची का?

सुंदरराव : चेष्टा करतेस?

रोहिणी : न्हाई. आन खांदायच्या आधी कागद करा. नव्या फाट्याला वस्तीची हरकत न्हाई, असा. आमच्यात आता सह्या करनाऱ्या लई हायेत.

सुंदरराव : वत्सलाबाई, तुम्ही तरी समजवा हिला. जनावरं मुकी असतात हो. त्यांनी काय केलंय?

वत्सलाबाई : खरं हाय. जनावराचा काय गुन्हा? सनाच्या दिशी कुनाचं ढोर तान्हेलं ठिवू नये. पानी न्यावा की. अकरा न्हाई, बावीस बादल्या न्यावा. न्हाई कोन म्हनतंय?

सुंदरराव : उपकार झाले. सर गं जरा बाजूला, एवढी पहिली बादली भरून घेतो, म्हैस पार…

वत्सलाबाई : आसं न्हाई, सुंदरराव. साखराबाईच्या मागं.