कपावरची अम्मा

—नाही नाही काकू, कपाला तडा नाहीये, द्या इकडे, कागदात गुंडाळते. हा फक्त आमच्याकडेच मिळतो हां, बाकीच्या स्टॉलवर त्या शिंगवाल्या टोप्या नि झेंडे. आमचे लोक आइसलँड सोडून, समुद्र ओलांडून इथं गिमलीला या तळ्याकाठी उतरले ना, त्याची आठवण म्हणून मी काढलाय. आणि ही वरची बाई — पांढरा झगा, हिरवा शेला, मुकुटाखालून सोडलेली ती पांढरी ओढणी — ही माझी अम्मा. सख्खी आजी, आजीला आमच्यात अम्माच म्हणतात. हा फोटो काढला त्या वर्षीची फ्यालकोना ती. दर उत्सवाला एकीलाच तो मान, अख्ख्या आइसलँडची आई बनून सगळ्यांपुढं बसायचं, मग पहिल्या लोकांच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहायचं — चेहरा नीट बघा हां. घ्या नाहीतर नका घेऊ, पण चेहरा बघा. यात पन्नास वर्षं मिळवा, गाल बसलेत, नाक तेच आहे. अशी कुणी दिसली का हो येताना?

छे, हरवली वगैरे नाही. म्हणजे ट्रिग्वी, माझा भाऊ, तो म्हणाला, उगाच बोंब मारू नकोस, मी बघून येतो, तू इथून हलू नकोस, ती आपणहून आली तर कुणीतरी पाहिजे ना. गेला तो गेलाच. फोनही उचलत नाहीये. बाबांना? बाबांना कुठल्या तोंडानं सांगू? मी विनिपेगहून आले तीच मुळी मोठ्या तोऱ्यात, आईबाबांना म्हटलं, तुम्ही दोघं जरा हिंडून या, अम्माला मी बघते, त्यात काय. दार लावलं होतं मी. लावलं होतं बहुतेक — सकाळी ही खोकी बाहेर काढताना दोन्ही हात भरलेले होते, पायानं ढकललं मी ते.

ती विसरते हो आता. माझं नाव कधी येतं, कधी मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारते. पण काल जेवताना हा कप तिच्या हातात दिला, तर बघतच बसली. ही कोण, म्हणाली. म्हटलं, तूच की गं. मग बोटानं तो मुकुट चाचपला, एकदम ताठ बसली आणि म्हणाली, "मला कधी जायचंय?" इतकी गोड दिसत होती, मला हसूच आलं. मी म्हटलं, "उद्या, परेड झाली की. पुष्पचक्र तूच वाहायचंयस ना." गंमत केली. कुणीही केली असती ना? तुम्ही नसती केली?

स्मारकापाशी बघितलं ना, पहिलं तिथंच पळत गेले. यंदाची फ्यालकोना उभी होती, लोक फोटो काढत होते. अम्मा नाही.

अंगावर काय? रात्रीचा पांढरा गाऊन. कपाटातले कपडे सगळे जागच्या जागी आहेत, फक्त खिडकीचा तो जाळीचा पडदा नव्हता, मला वाटलं धुवायला टाकला असेल — थांबा. पडदा. आणि पलंगावर ती हिरवी चादर तरी कुठं होती? नटून गेलीय ती. अहो, आज गावभर ढालीवाले नि झगेवाल्या फिरतायत, एरवी पडदा घेतलेली म्हातारी दिसली तर कुणीतरी हात धरून घरी आणली असती, आज उलट वाट देतील तिला. वाकतील तिच्यापुढं.

आणि स्मारकाचं झालं की ती पुष्पचक्रातलं एक फूल काढून घ्यायची, दरवर्षी, फ्यालकोना नसतानाही. ते पाण्यात टाकायला जायची. तिचे आजोबा मासेमारीची जाळी काढायला गेले ते परतच नाही आले, त्यांच्यासाठी. म्हणायला तळं, पण पलीकडचा काठ दिसतो का तुम्हाला? मी लहान होते तेव्हा ती माझा हात घट्ट धरायची तिथं.

काय? कसला फोटो?

बघू. हो — तीच. तीच आहे. हसतेय बघा. किती गोड म्हातारी म्हणून काढलात, हो ना — हा बोटींचा धक्का आहे, अगदी टोक. हातात फूल आहे. काकू, तिच्या पायात काहीच कसं नाही? हे काय — चपला काढून ठेवल्यात कडेला. नीट जोडीनं.

हा कधी काढलात तुम्ही?

नाही, पैसे नकोत. न्या कप, सगळे न्या. सरका. सरका ना.