पायलट पोराचे पेढे

नामदेवसमोर पेढ्यांचा इषय काढू नका बरं का. ऊसतोड्या माणूस, पण पोरगा परदेशात पायलट म्हणून लागला तवा दुष्काळातबी त्यानं गावभर पेढे वाटले. मी त्याच्याकडं पेढा खात बसलेलो, तेवढ्यात पोराचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या मागं विमानतळाच्या दारात माणसं फलक घेऊन बसलेली.

“ही कोण रे?” नामदेवनं इचारलं.

“इथले पायलट, आबा. संपावर हायेत. म्हणून तर आमाला सीझनपुरतं बोलावलंय.”

मी हातातला पेढा परत ताटात ठेवला. तोडणीच्या संपात बाहेरनं मजूर आणणाऱ्या सहकारी कारखान्याच्या गाड्या आडवून ह्याच नामदेवनं लाठ्या खाल्लेल्या.

त्यानं फोनवर हात ठेवला. खाली मान घालून मला म्हणला, “गावात सांग, पोराची नोकरी गेली म्हणून.”