शेजारणीची ताटली

माझा पोरगा मेक्सिकोत नोकरीला हाय, तळ्याकाठच्या एका गावात. गारखेड्यातलं घर बंद करून महिनाभर राहिलो त्याच्याकडं.

शेजारच्या म्हातारीनं एकदा ताटलीतून मक्याचे वाफवलेले उंडे दिले. सूनबाई ताटली धुऊन रिकामीच परत द्यायला निघाली. मी खेकसलो, "रिकामं भांडं देतेत व्हय कुणाला?" भाकरी ठेवून मीच देऊन आलो. दुसऱ्या दिवशी त्याच ताटलीत पपई आली! मग ते रोजचंच झालं. तिची भाषा मला कळंना, माझी तिला.

निघायच्या दिवशी ताटली आमच्याकडं होती. पोराला म्हणलं, "भरून दे, अन् आता तू जा."

पोरगा दारातच थबकला. "आबा, तिचं नाव काय?"

"तीन वर्षं शेजारी राहतूस तू, अन् नाव मला विचारतूस व्हय रे?"