दोन महिने अभ्यास करून निवडलेला मदरबोर्ड

कॉम्प्युटर जोडून घ्यायचा असेल तर मला विचारू नका, मी दोन महिने अभ्यास केलेला माणूस आहे.

बायको घरी बसून टायपिंगची कामं घेते. तिचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा "नवा मीच पार्ट आणून जोडतो," असं मी म्हणून बसलो. तोवर ती मोबाईलवर टाईप करत होती आणि मी व्हिडिओ बघत होतो. प्रोसेसर ऑनलाइन मागवला. मदरबोर्ड मात्र हातात घेऊन बघायचा, म्हणून आम्ही दोघं उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात गेलो.

मी बोर्डाचं नाव नंबरासकट सांगितलं. दुकानदारानं बोर्ड काढला, माझा प्रोसेसर उलटा करून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "साहब, इसकू भी पिनां हैं, उसकू भी पिनां हैं. बैठता कैसा?"

मी म्हणालो, "व्हिडिओत दोन्ही बेस्ट सांगितलेत."

"बेस्टच हैं साहब. अलग अलग."

बायको म्हणाली, "अहो, पत्रिका तेवढी बघायची राहिली का?" मग तिनंच दुकानदाराला आपलं काम सांगितलं आणि त्या प्रोसेसरला चालणारा साधा बोर्ड पाच मिनिटांत घेतला.

बाहेर येतो तर हर्सूलहून मेव्हण्याचा फोन. "दाजी, तुम्ही सांगितला तोच बोर्ड अन् तोच प्रोसेसर आणलाय. लई जोर लावला, पण बसंना. अजून दाबू का?"