एकच स्क्रू राहिलाय

नवरा: आता मूठ डावीकडे फिरव.

बायको: कुणाच्या डावीकडे? मी बाथरूमच्या आत आहे, तुम्ही बाहेर.

नवरा: डावीकडे म्हणजे डावीकडे, त्यात कुणाच्या काय?

बायको: फिरवली. पंख्यासारखी गरागरा फिरतेय. दार ढिम्म.

नवरा: अच्छा. मग उजवीकडे.

बायको: तिकडेही फिरतेय. अहो, हे लॅच रविवारी तुम्हीच बसवलंत ना?

नवरा: मग! आपला हात जगन्नाथ.

बायको: त्या जगन्नाथाला जरा बाजूला व्हायला सांगा आणि गल्लीतल्या सुताराला बोलवा. माझा फोन बाहेर चार्जिंगला आहे, नाहीतर मीच बोलावलं असतं.

नवरा: एवढ्याशा गोष्टीला सुतार? तो येणार, दाराकडे बघणार, मग माझ्याकडे बघणार आणि विचारणार, "हे कुणी बसवलं?"

बायको: सांगा, आधीच्या भाडेकरूने.

नवरा: घर आपण बांधून घेतलंय.

सासूबाई: काय रे, दाराशी कसला बोलतोयस? सूनबाई कुठाय?

नवरा: आत आहे, आई. दोन मिनिटांचं काम आहे.

सासूबाई: तुझी दोन मिनिटं मला ठाऊक आहेत. दारावरची घंटा दोन मिनिटांत दुरुस्त केलीस. तेव्हापासून कुणी बटण दाबलं की स्वयंपाकघरातला दिवा लागतो.

नवरा: पण लागतो ना? म्हणजे वायरिंग बरोबर आहे.

बायको: आई, किती वाजले?

सासूबाई: सव्वादहा. घाबरू नकोस पोरी. भूक लागली का? दाराखालून बिस्किट सरकवते. चपटं आहे, जाईल.

बायको: बिस्किट नको, आई. साडेदहाला निघायचंय आपल्याला. माहितीय ना?

सासूबाई: अगंबाई! आज तो दिवस!

नवरा: कसला दिवस?

बायको: आईंचे दात दाखवायचेत.

नवरा: परत? गेला महिनाभर रोज सकाळी तुम्ही दोघी आईचे दातच दाखवताय. आई, तुझी तर अख्खी कवळी आहे!

सासूबाई: महिनाभर तुझ्या लक्षात आलं नाही, आणि आजच यायचं होतं!

नवरा: म्हणजे? कुठे जाता तुम्ही?

बायको: सांगून टाका, आई. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?

सासूबाई: गाडी शिकतेय ती. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये. मी मागच्या सीटवर बसते. तिथल्या मोठ्ठ्या आवाजाच्या बाई शिकवतात, पण प्रेमळ आहेत. आज अकरा वाजता परीक्षा आहे हिची, लायसन्सची.

नवरा: गाडी?

बायको: हो, गाडी.

नवरा: आपल्या दारात गाडी आहे, घरात वीस वर्षं गाडी चालवणारा नवरा आहे, आणि तू परक्या बाईकडे शिकतेस?

बायको: तुम्ही शिकवलंत की तीन दिवस! तिसऱ्या दिवशी फाटक आडवं केलं मी. का? तर तुम्ही एका दमात म्हणालात, "क्लच, ब्रेक, अगं!" क्लच डाव्या पायाने, ब्रेक उजव्या पायाने. "अगं" कुठल्या पायाने दाबायचं?

नवरा: फाटक परवा सरळ केलं ना मी?

सासूबाई: केलंस. आता ते उघडत नाही. माणसं बाजूच्या कुंपणावरून येतात.

नवरा: निदान मला सांगायचं तरी.

बायको: सांगितलं असतं तर तुम्ही त्या बाईंनाच शिकवायला गेला असतात. आणि मला स्टुलावर बसवून खोललं असतंत, कुठे ढिली आहे ते बघायला.

नवरा: तसं नाही गं. बाहेरच्या माणसाला बोलावलं ना, की मला... कसं सांगू. तो टुकटुक करतो, पाच मिनिटांत निघून जातो, आणि आपण तिथे हातात फडकं घेऊन उभे. वाटतं, आपण या घरात उगाचच आहोत.

सासूबाई: उगाच कुठे? चांगला मधोमध आहेस. तेवढं सरक, मला जायचंय.

नवरा: कुठे निघालीस?

सासूबाई: दात दाखवायला.

बायको: गेल्या का त्या?

नवरा: गेली. कुंपणावरून, सुताराला आणायला. ऐक, सुतार यायच्या आत आपण उघडू. मी बाहेरची मूठ काढतोय. आतल्या बाजूने काही हलतंय का बघ.

बायको: हलतंय. अहो, काहीतरी पडलं! बादलीत!

नवरा: काय पडलं?

बायको: चौकोनी गज. बोटाएवढा. आणि आतली मूठही सुटून हातात आली.

नवरा: झालं! करायला गेलो गणपती...

बायको: पुढचा मारुती इथे न्हाणीत बसलाय. आता?

नवरा: आता मूठ उलटी धर. मानेजवळ एक बारीक भोक दिसतंय?

बायको: चष्मा नाही. थांबा, लांब धरते. हो! आत चिमुकला स्क्रू आहे. अर्धा बाहेर आलाय.

नवरा: तोच! तो गजाला घट्ट धरतो. तो ढिला, म्हणून मूठ नुसतीच फिरत होती. म्हणजे मी तो... असू दे. स्क्रूड्रायव्हर दाराखालून जात नाहीये.

बायको: नको. फळीवर नेलकटर आहे. त्याची कानस उघडली की टोक निघतं. आधी गज परत भोकात घालते... गेला. आता मूठ त्याच्यावर... बसली. अय्या, कशी चपखल बसली हो!

नवरा: बसते ना? बघ, हाच तो आनंद. आता आवळ. हळू.

बायको: तुम्ही बोलू नका, माझा हात हलतो.

सासूबाई: अरे, स्वयंपाकघरातला दिवा लागला होता की नाही? सुतारदादा केव्हाचे बटण दाबतायत. शेवटी मीच आत घेऊन आले त्यांना.

सुतार: नमस्कार. कुंपणाला पँट अडकली जरा. वहिनी आत आहेत का? बाजूला व्हा भाऊ, पटाशीने मिनिटात काढतो.

बायको: खबरदार, दाराला हात लावाल तर!

सुतार: आँ?

बायको: मी उघडतेय. एकच स्क्रू राहिलाय.

सासूबाई: अगं, हिलाही लागलं का ते वेड? पोरी, अकरा वाजता परीक्षा आहे! सोड तो हट्ट, त्यांना उघडू दे!

बायको: अर्धा फेरा राहिलाय, आई! सुतारदादा, तुम्ही बिस्किट खा.

सुतार: भाऊ, हे घरात सगळ्यांनाच आहे का?

नवरा: आजपासून. श्श. ऐका, खट्ट झालं.

बायको: उघडलं! उघडलं हो! सरका, दार लागेल.

सासूबाई: शाबास! आणि केसांना साबण?

बायको: राहू दे तसाच. किती वाजले?

सुतार: दहा अठ्ठेचाळीस. बघू वहिनी ती मूठ... पक्की आहे. बाकी हे लॅच कुणी बसवलं?

नवरा: मी.

सुतार: सरळ बसलंय. नुसता स्क्रू आवळायचा राहिला होता. होतं तसं, माझंही होतं.

नवरा: तुमचंही होतं?

सुतार: माझ्या घरचं कपाट बघायला या एकदा. मी निघतो. ते फाटक मात्र मला करू द्या हं, कुंपण माझ्या वयाला झेपत नाही.

नवरा: करा. उद्या या. मी फडकं घेऊन उभा राहतो.

बायको: अहो, ट्रेनिंग स्कूलची गाडी कोपऱ्यावरून कधीच गेली असेल. आपली गाडी परवापासून गल्लीतच आहे ना?

नवरा: हो, फाटकामुळे बाहेरच. चल, मी सोडतो.

बायको: मी चालवणार. शेजारी लायसन्सवालं माणूस लागतं म्हणून तुम्ही बसायचं. तोंडाला कुलूप. आई, चला, मागे बसा.

सासूबाई: मी कधीची तयार आहे. दातही लावलेत.

(दीड तासानंतर. परतीच्या रस्त्यावर, गाडीत.)

बायको: परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "पंधरा मिनिटं उशीर, त्यात केसांना फेस. पण गाडी छान वळवता." पास केलं हो मला!

नवरा: ऐकलं मी. आईने तिथे सगळ्या रांगेला सांगितलं.

बायको: झोपल्या वाटतं मागे?

नवरा: केव्हाच. माझ्या गाडीत कधी डोळा मिटत नाही ती.

बायको: तुम्ही का गप्प? ब्रेक उशिरा दाबला का मी?

नवरा: नाही.

बायको: मग गिअर चुकला? आता पास झालेय मी, बोललात तरी चालेल.

नवरा: काही चुकलं नाही गं. तू चालव.

बायको: मग एवढं काय बघताय बाहेर?

नवरा: झाडं. वीस वर्षं याच रस्त्याने जातोय मी. एवढी झाडं आहेत, मला माहीतच नव्हतं.