करड्या डब्यातला घोडा

आई : यातले परत कुठले चाललेत?

मुलगा : काळा आणि करडा. पांढरा ठेवायचा. दुकानाचा माणूस येईलच न्यायला. ती चिकटपट्टी दे जरा.

आई : करडा नको पाठवूस.

मुलगा : अगं आई, करडा नापास झालाय. कालच लिहून टाकलं मी, सगळ्या जगाने वाचलं. जगाने म्हणजे माझ्या परीक्षणांच्या साइटवर येणाऱ्या चार रिकामटेकड्यांनी. त्यातला एक मीच.

आई : पण नापास का?

मुलगा : कसं आहे, हे तिन्ही डबे म्हणजे हातात मावतील एवढे कॉम्प्युटर. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवायला आत जागाच नाही. त्यामुळे सगळे हिशेबही प्रोसेसरनेच करायचे आणि गेममधली चित्रंही त्यानेच काढायची. मेमरीसुद्धा दोन्ही कामांना एकच.

आई : म्हणजे एकाच बाईने स्वयंपाकही करायचा आणि पाहुण्यांशी गप्पाही मारायच्या.

मुलगा : हो. एवढंच सांगायला मला तीन पानं लागली होती.

आई : मग या करड्या बाईचं काय चुकलं?

मुलगा : अडखळते. तिघांचीही मी एकच परीक्षा घेतो. तोच गेम, तोच घोडा, गावाच्या वेशीपासून नदीच्या पुलापर्यंत दौडवायचा आणि सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात ते मोजायचं. पांढऱ्यावर घोडा कसा सुळ्ळकन जातो. करड्यावर पूल दिसला की लंगडायला लागतो, आणि पंखा बोंब मारतो ती वेगळीच.

आई : आणि पुलापलीकडे?

मुलगा : पलीकडे कशाला जायचं? पूल आला की थांबायचं, आकडा टिपायचा, परत वेशीवर यायचं.

आई : तीन महिने हेच?

मुलगा : हेच. एवढ्या वेळा एकाच पुलापर्यंत जाऊन माघारी फिरलेला घोडेस्वार जगात दुसरा नसेल. घोड्याला वाटत असेल, मालकाचं वाटेत काहीतरी पडलंय.

आई : मीही जन्मभर लोकांची मापं घेतली रे. पण माप घेतलं की कपडा शिवायचे. तू नुसता टेप गळ्यात घालून हिंडतोस.

मुलगा : तुझ्यासाठीच हिंडतोय ना! अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टर काय म्हणाले? उजव्या हाताची बोटं हलती ठेवा. तो रबरी चेंडू तू दाबत नाहीस, सोफ्याखाली ढकलून देतेस, मला माहीत आहे. म्हटलं, गेमच्या नादाने तरी हात चालेल. पण तुझ्या हातात अडखळणारा डबा कसा देऊ? म्हणून नीट पारखून घेत होतो.

आई : झटका मला आला आणि नाजूक तू झालास.

मुलगा : बोल, बोल.

आई : पलीकडे पाणचक्की आहे.

मुलगा : कशाच्या पलीकडे?

आई : पुलाच्या. तिथे एक म्हातारी बसलेली असते. तिची शेळी हरवलीय, ती शोधून द्यायची. दिली मी.

मुलगा : तू? कशावर?

आई : करड्यावर. त्याचं चालू करायचं बटण मोठं आहे, मला चष्म्याशिवाय सापडतं. तू ऑफिसला गेलास की खेळते थोडा वेळ.

मुलगा : आणि मी यायच्या आत बंद करतेस.

आई : बंद नाही. पडद्याच्या खालच्या पट्टीत सारून ठेवते. बंद केलं आणि शेळी परत हरवली म्हणजे?

मुलगा : देवा रे.

आई : का, काय झालं?

मुलगा : चाचणीसाठी मी गेमची प्रत वेगळी ठेवतो, म्हणून मला पत्ताच लागला नाही. अगं, करड्यावर एकाच वेळी दोन घोडे होते! एक माझा, एक तुझा.

आई : माझा कुठे धावत होता? पाणचक्कीपाशी गुपचूप उभा होता.

मुलगा : तो उभा असेल, पण पाणचक्की फिरत होती ना! तिचं चित्र कोण काढणार?

आई : म्हणजे ती बिचारी दोन घरचा स्वयंपाक करत होती आणि तू तिलाच नावं ठेवलीस.

मुलगा : जाहीर ठेवली. 'या डब्यात दम नाही' असा मथळा दिला. पंख्याच्या आवाजावर एक विनोदही केला. विनोद चांगला होता, तोच आता काढवणार नाही. आणि लोकांना कायम सांगतो, चाचणीआधी मागे काय चालू आहे ते बघा. सांगणारा स्वतः मात्र कधी बघत नाही.

आई : मग आता?

मुलगा : आता लिहायचं, डबा हुशार, परीक्षक ढ. पण एक मिनिट. कंट्रोलरवर दौडवायचं बटण उजवीकडे असतं. उजव्या अंगठ्याने दाबून धरावं लागतं.

आई : हो.

मुलगा : तुझा उजवा अंगठा तर हलत नाही.

आई : नव्हता हलत. आधी डाव्या हाताने दाबायचे, मग घोडा वळवायला हातच उरायचा नाही. सारखा नदीत. पुढे जमायला लागलं हळूहळू. काल कात्री धरून बघितली.

मुलगा : आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?

आई : तू मोजायला बसला असतास. भिंतीवर आलेख लावला असतास अंगठ्याचा. मग एखाद्या दिवशी आकडा कमी आला असता, आणि तुझं ते पडलेलं तोंड मला बघवलं नसतं.

मुलगा : मी एवढा वाईट आहे?

आई : वाईट नाहीस रे. घाबरट आहेस. मीही होतेच की.

(दारावरची घंटा वाजते.)

मुलगा : आला. काळा आणि पांढरा देतो त्याला.

आई : पांढरा पहिला आला होता ना?

मुलगा : जाऊ दे त्याला, मान घेऊन जाऊ दे. आलोच मी. तोवर लाव तू.

आई : लावलेलंच आहे.

मुलगा : (दारातून परत येत) गेला. सरक जरा, मला बसू दे. हे कुठे आहोत आपण?

आई : वेशीवर. मुद्दाम मागे आणलाय घोडा. म्हटलं, तुला ओळखीच्या रस्त्याने न्यावं.

मुलगा : पूल आला. आई, मला उगाच भरून येतंय.

आई : येऊ दे. धर नीट, आता उतार आहे.

मुलगा : तूच धरलायस, मी कुठे. किती वेळ दाबून ठेवता येतं गं तुला?

आई : मोजू नकोस. नुसतं बघ.